लॅकरखालची रेघ

गिटार दोन तुकड्यांत आली. धड पेटीत होतं आणि डोकं जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. घेऊन येणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी ते गाठोडं टेबलावर ठेवलं आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "घर बदलताना पडली हो. वाजवणारं आता कुणी नाही. बाबांची आठवण म्हणून भिंतीवर लावायची आहे, तेव्हा नुसतं चिकटवून दिलंत तरी चालेल."

चिऊने टॉवेल उलगडला.

चिऊ हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण चव्वेचाळीस वर्षांची झाली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी वडिलांनी ठेवलेलं हे नाव तिला चिकटून राहिलं ते राहिलंच. तिच्याहून मोठी गिऱ्हाइकंही तिला चिऊताई म्हणायची आणि ती निमूट 'ओ' द्यायची. वडील जुन्या इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली ती काम शिकली, आणि त्यांची नजर गेल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, दुकान तीच बघत होती.

तिने डोकं उलटं केलं. मागच्या बाजूला सहा आकडी नंबर ठोकलेला होता. शेवटचे तीन आकडे वाचले आणि तिचा हात थांबला.

"तुमच्या वडिलांचा वाद्यवृंद होता का?"

"हो! तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"लहानपणी पाहिलं होतं," चिऊ म्हणाली. पंधरा दिवसांनी या, एवढं सांगून तिने बाईंना निरोप दिला आणि डोकं पुन्हा हातात घेतलं.

ही तीच गिटार होती; ते आकडे तिला चौदाव्या वर्षापासून पाठ होते. हिच्यापायी तिचा काका घर सोडून गेला होता.

जुन्या गिटारचं वय तिच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, असं बाबा म्हणायचे. डोकं म्हणजे मानेच्या टोकाचा तो चपटा भाग, जिथे सहा खुंट्यांना तारा गुंडाळतात. गिऱ्हाईक तिथलं बनवणाऱ्याचं नाव वाचून खूष व्हायचं, आणि बाबा नाव सोडून बाकीचं सगळं वाचायचे. खुंट्या बदलल्या असतील तर आधीच्या स्क्रूंची बुजवलेली भोकं कुठे आहेत? मागचा नंबर ठोकलेला की शाईने उमटवलेला? डोकं रुंद करायला दोन्ही कडांना लावलेल्या लाकडाच्या पट्ट्या त्याच झाडाच्या वाटतात का? समोरचं काळं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, किती जाड आहे? भिंग डोळ्याला लावून अर्धा अर्धा तास बघायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, आणि मग दोन वाक्यांत निकाल. त्यांनी अस्सल म्हटलं की ती अस्सल. त्यांनी मान हलवली की मालकाने गपगुमान पेटी बंद करून चालू लागायचं.

त्यांच्या निकालावर कुणी कधी वाद घातला नाही. कारण त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दुकानात नवीन माणूस आला की जुना माणूस त्याच्या कानाशी लागून तीच सांगायचा, "अहो, सख्ख्या भावालाही सोडलं नाही यांनी."

तो सख्खा भाऊ म्हणजे काका. बाबांहून नऊ वर्षांनी धाकटा. दोघे भाऊ एकाच घरात राहायचे. बाबा, आई आणि चिऊ खाली, काका-काकू वर. काका वाद्यवृंदात गिटार वाजवायचा, घरात असला की जिन्यावर बसून वाजवायचा आणि जिना अडवतो म्हणून आईची बोलणी खायचा. चिऊला तो तारा छेडू द्यायचा. "हळू, तिला गुदगुल्या होतात," म्हणायचा, आणि चिऊ खिदळायची.

चिऊ चौदा वर्षांची असताना वाद्यवृंदाच्या मालकांना आजारपणामुळे दौऱ्यावर जाता आलं नाही. त्यांनी आपली स्वतःची गिटार विश्वासाने काकाच्या हाती दिली. चार महिन्यांनी काका परत आला, गिटार घेऊन मालकांकडे गेला. मालकांनी ती मांडीवर घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ही माझी नव्हे."

वरच्या लॅकरची, त्या पारदर्शक रोगणाची, चकाकी वेगळी होती. मागचा नंबर पूर्वी लख्ख वाचता यायचा, तो आता धूसर दिसत होता. मालकांचं म्हणणं सरळ होतं: पोराने माझी गिटार विकली आणि नक्कल आणून माझ्या गळ्यात मारली. काका शपथा घेत राहिला. शेवटी मालक म्हणाले, "तुझ्या भावालाच विचारू. तो सांगेल ते मला मान्य." लोकांना हा मालकांचा केवढा मोठेपणा वाटला.

तो निकाल चिऊच्या डोळ्यांसमोर लागला. दुकानाच्या कोपऱ्यात ती शाळेचा अभ्यास करत बसली होती. बाबांनी गिटार टेबलावर पालथी घातली, दिवा खाली ओढला आणि भिंग लावलं. मालक खुर्चीत बसले होते. काका दाराला टेकून उभा होता आणि हाताची बोटं एकसारखी पँटला पुसत होता.

"मानेवर इथे एक आडवी रेघ आहे," बाबा शेवटी म्हणाले. "ताज्या लॅकरखाली आहे. म्हणजे रेघ लपवायला वरून हात मारलेला आहे. या बनावटीत त्या काळी मान आणि डोकं एकाच लाकडातून काढायचे. जोड असायचाच नाही. नक्कल करणारे डोकं वेगळं करून जोडतात आणि वरून असा थर देतात." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हे डोकं या मानेचं नाही. गिटार ती नाही."

"दादा, मी गिटार बदललेली नाही. तुझी शपथ."

"शपथेचं मला काय सांगतोस? मला जे दिसलं ते मी सांगितलं."

काका वळून निघून गेला.

मालकांनी पोलिसांत तक्रार केली नाही, तेवढीच दया. पण जिथे जिथे चार वादक भेटले तिथे तिथे ही गोष्ट सांगितली. गिटार त्यांनी पुरावा म्हणून कपाटात ठेवून दिली. आठ दिवसांत काका-काकूंनी वरचा मजला रिकामा केला. आईने जेवण सोडलं, बाबांशी बोलणं सोडलं, काही उपयोग झाला नाही. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा काका रस्त्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला होता. चिऊने त्याला बघितलं, पण गर्दीतून वाट काढून ती पलीकडे पोचेपर्यंत तो निघून गेला होता.

आता ते डोकं तिच्या टेबलावर पडलं होतं.

मान तुटली होती ती नेहमीच्याच ठिकाणी, तारा जिथून डोक्यावर चढतात तिथल्या पट्टीच्या मागे. आत लोखंडी सळईसाठी खाच असते, त्यामुळे तिथे लाकूड मुळातच कमी. तडा तिरका गेला होता आणि दोन्ही बाजूंचं लाकूड पुस्तक उघडावं तसं समोर आलं होतं. चिऊने दिवा ओढला. बाबांचंच भिंग घेतलं.

कुठेही जोड नव्हता.

लाकडाचे तंतू मानेतून निघून सरळ डोक्यात गेले होते. सरसाचा थर नाही, रंगात फरक नाही. तिने दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून पाहिले, पुन्हा वेगळे केले, पुन्हा पाहिलं. ती आडवी रेघ अजून दिसत होती, पण ती जेमतेम केसाएवढी आत गेली होती. जुन्या लॅकरला असे तडे पडतात. त्यावर तो नवा थर कुणी आणि का मारला, हे मात्र तिला उमगेना. पण जुन्या वाद्यांना लोक हौसेने काय काय फासतात हे ती रोज बघत होती.

समोरचं व्हिनियर गिटार पडल्यामुळे अर्धं सुटलंच होतं. तिने पातळ सुरी गरम करून ते अलगद उचललं. खालच्या कोऱ्या लाकडावर, कारखान्यातल्या कुणा माणसाच्या घाईच्या अक्षरात, पेन्सिलीने तीन आकडे लिहिले होते. मग तिने धडाच्या मागचं झाकण उघडलं. विजेच्या तारांच्या गुंत्याच्या बाजूला, त्याच अक्षरात, तेच तीन आकडे. नंबराचे शेवटचे तीन.

डोकं याच मानेचं होतं. मान याच धडाची होती. काकाने काहीही बदललं नव्हतं.

चिऊने तुकडे फडक्याखाली झाकून ठेवले. दोन दिवस ती दुसरीच कामं काढून बसली; कानसा झटकल्या, स्क्रूंचे डबे लावले. बाबा रोज अकरा वाजता भिंतीला हात लावत लावत दुकानात यायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. ब्याऐंशी वर्षांचे होते. उजेड आणि सावली यांपलीकडे काही दिसत नव्हतं, पण कान आणि नाक तल्लख होतं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काय लपवतेस?"

"मी कुठे काय लपवतेय?"

"मग दोन दिवस सरस का तापवला नाहीस? वास नाही आला. त्या दिवशी बाई काहीतरी तुटलेलं देऊन गेल्या, मी ऐकलं. टेबलावर काम आहे आणि तू हात लावत नाहीस."

ती त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली आणि तिने सगळं सांगितलं. गोल गोल बोलली नाही, कारण तिला ते जमलंच नसतं. बाबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

चिऊने एका हातात मान दिली, दुसऱ्यात डोकं. त्यांनी अंगठा तुटलेल्या लाकडावरून फिरवला. तंतूंच्या दिशेने, मग उलटा, मग पुन्हा दिशेने. डोक्यावर गेले. परत मानेवर आले. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कुणी दार वाजवलं आणि कुणी उघडत नाही म्हणून निघूनही गेलं.

"खालची खुंटी काढायची होती," बाबा म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी. सगळ्यात खालची एक खुंटी काढून भोकात दिवा धरला असता तर आतलं लाकूड दिसलं असतं. जोड असता तर त्याची रेघ भोकातून गेलीच असती. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या कुणाची असती तर केलं असतं."

"मग का नाही केलंत?"

बाबांनी तुकडे मांडीवर ठेवले. "मालक समोर बसले होते. मला वाटलं, मी जास्त खोलात गेलो तर म्हणतील, भावाला वाचवायला पळवाट शोधतोय. आणि खरंच आतून लाकूड एकसंध निघालं असतं तर माझ्यावर विश्वास कुणी ठेवला असता? म्हणून जे वरून दिसलं तेवढ्यावरच थांबलो." त्यांचा हात पुन्हा तुकड्यांवर गेला. "मला वाटलं, मी फार ताठ वागलो. लोकांनाही तसंच वाटलं. तीस वर्षं त्याच्यावर जगलो, चिऊ."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. चिऊने पदर पुढे केला तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"तो कुठे राहतो, माहीत आहे तुला?"

आईच्या जुन्या वहीत पत्ता होता. एक नव्हे, पाच. प्रत्येक जुना पत्ता नीट खोडून त्याखाली नवा लिहिलेला. म्हणजे इतकी वर्षं आई आणि काकू एकमेकींना धरून होत्या आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

बसने तीन तास लागले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि प्रवासभर ते ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवत होते. सायकलींच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला घर होतं. दार काकूने उघडलं. ती खूप बारीक झाली होती. तिने आधी चिऊला पाहिलं, मग बाबांना, आणि दार ना पुरतं उघडलं ना लावलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"तुमचे दादा आलेत," काकू म्हणाली.

काका खिडकीशी बसून वाटाणे सोलत होता. त्याने इतकी वर्षं एका बेकरीची गाडी चालवली होती. आता निवृत्त झाला होता. चिऊचं लक्ष पहिल्यांदा त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. तारा दाबून दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. त्याची बोटं साफ, मऊ होती.

"काका, तुम्ही बरे आहात ना?" तिने विचारलं.

"पूर्वी मला तू म्हणायचीस," काका म्हणाला. मग बाबांसाठी खुर्ची सरकवली.

बाबा बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बसमध्ये घोळवलेलं सगळं विसरले असावेत, कारण एवढंच म्हणाले, "धाकट्या, ती गिटार तुटली. आतून लाकूड एकच आहे. मी चुकलो."

काकाने हातातली शेंग पुरी सोलली. दाणे भांड्यात टाकले.

"तू चुकलास हे मला तीस वर्षं माहीत आहे, दादा. तुला आज कळलंय."

"हो."

"तू लाकडाला विचारलंस. मला नाही विचारलंस."

"तू सांगितलं होतंस की. शपथ घेतली होतीस."

"मी सांगितलं. तू विचारलं नाहीस. काय झालं, कसं झालं, एकदा बाजूला घेऊन विचारायचं होतंस. मी भाऊ होतो तुझा."

बाबांनी मान खाली घातली. काकू इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती आता बोलायला लागली आणि थांबेना. काका दोन-तीन वाद्यवृंदांत गेला. कुणी दारात उभं केलं नाही. मग स्वतःची गिटार विकली. आणि पाच-सहा वर्षांनी एका शाळेत संगीत शिकवायची जागा निघाली. मुख्याध्यापिकेला काका पसंत होता. तिच्या कानावर कुणीतरी ती जुनी गोष्ट घातली, तेव्हा ती म्हणाली, मी तुमच्या भावालाच फोन करते, ते एक शब्द चांगला बोलले तर बाकीच्यांचं मी ऐकणार नाही.

"आणि फोन केला हो तिने," काकू म्हणाली. "आमच्या समोर केला. कुणा मुलीने उचलला. आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, बाबा म्हणतात, त्यांना या बाबतीत काही बोलायचं नाही. संपलं. दुसऱ्या दिवशी हे बेकरीत गेले."

दुकानातला फोन चिऊच उचलायची. एकोणीस-वीस वर्षांची असेल. कुठल्याशा शाळेतल्या बाईंचा आवाज, एका माणसाच्या वागणुकीबद्दल काहीतरी, वडिलांना विचारून सांगाल का? असे फोन रोजच यायचे. कोण कसा माणूस आहे, गिटार उधार द्यावी की नाही. ती आत गेली, कुठल्या शाळेतून फोन आहे ते सांगितलं, बाबांनी कानसेवरून मान वर न करता वाक्य सांगितलं, आणि तिने ते जसंच्या तसं फोनमध्ये म्हटलं. कुणाबद्दल आहे, हे तिने त्या बाईंना विचारलंही नव्हतं.

"ती मुलगी मी होते," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं काकू. खरंच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले. "शाळेचं नाव चिऊने सांगितलं होतं. धाकट्याने तिथे अर्ज केलाय, हे माझ्या कानावर आलं होतं."

काकू आत गेली आणि चहा करून घेऊन आली, कारण आलेल्या माणसांना काहीतरी द्यायला हवं. बाबांच्या हातात कप देताना तिने त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट लावली. चहा संपला. काका त्यांना जिन्याच्या तोंडापर्यंत सोडायला आला.

"पुन्हा येईन," बाबा म्हणाले.

"नको, तुला जिने झेपत नाहीत," काका म्हणाला. "बघू. मीच येईन कधीतरी."

घरी आल्यावर बाबांनी चिऊला कागद घ्यायला लावला आणि पत्र सांगितलं. अमुक साली मी दिलेला निकाल खोटा होता, माझा भाऊ निर्दोष आहे, मी तपास पुरा केला नाही. खाली चाचपडत सही केली. एक प्रत गणिताच्या बाईंना दिली. त्यांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांचे वडील मरेपर्यंत ही गोष्ट सांगत होते, त्या म्हणाल्या. गिटार काकांनाच द्यावी असं त्यांनी सुचवलं. चिऊने फोन करून विचारलं, काका म्हणाला, नको, कुठे ठेवू?

दुसरी प्रत वादकांच्या संघटनेकडे गेली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. असं काही प्रकरण आमच्या दफ्तरी नाही. तेव्हाचे सभासद हयात नाहीत किंवा संपर्कात नाहीत. पत्र आम्ही नोंदवून घेतलं आहे. चिऊने ते बाबांना वाचून दाखवलं.

"म्हणजे कुणालाच आठवत नाही?" बाबा म्हणाले.

"नाही."

"मग पुसायचं तरी कुठून?"

त्या दिवसानंतर ते दुकानात यायचे बंद झाले. चिऊने सरस तापवला, मान आणि डोकं जोडलं, शिकंजे लावून दोन दिवस तसंच राहू दिलं. काम चांगलं झालं. बाबांना दाखवायला नेलं तर त्यांनी अंगठाही लावला नाही. "चांगलंच केलं असशील," म्हणाले. दर दोन-चार दिवसांनी विचारायचे, धाकट्याचा फोन आला का? नाही म्हटलं की, येईल, म्हणायचे. पाच महिन्यांनी एका सकाळी ते उठले नाहीत.

काका आला तो चौथ्या दिवशी. एकटाच. घरात न शिरता तो आधी दुकानात आला, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि उभाच राहिला. चिऊने स्टूल दिलं.

"मी येणार होतो," तो म्हणाला. "दर आठवड्याला ठरवायचो. शर्ट काढून ठेवायचो. तुझी काकू म्हणायची, जा की. मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात."

"त्यांनी वाट बघितली काका."

"माहीत आहे. येऊन बसलो असतो तर मला एक सांगावं लागलं असतं, म्हणून येत नव्हतो." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. "ती गिटार माझ्या हातून पडली होती. दौऱ्यात. कार्यक्रम संपल्यावर स्टेजवरून उतरताना निसटली आणि पायरीवर आपटली. मानेवर चीर गेली, बारीक. आवाजात काही फरक नव्हता. पण मालक जीव घेतील अशी भीती वाटली. तिथे एक फर्निचरवाला होता, त्याच्याकडून वरून लॅकर मारून घेतलं. रेघ दिसेनाशी झाली. मला वाटलं, सुटलो."

तो नवा थर, तो धूसर झालेला नंबर, ती लपवलेली रेघ. बाबांनी त्या दिवशी भिंगातून बघितलं होतं ते खोटं नव्हतं. कुणीतरी काहीतरी झाकलं आहे, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

"त्या दिवशी इथे उभा होतो," काका म्हणाला. "दादा म्हणाला, रेघ लपवलेली आहे. तेव्हाच म्हणायला हवं होतं की हो, मी पाडली. दादाला लगेच कळलं असतं. मालकांनी चार शिव्या दिल्या असत्या, हाकललं असतं फार तर. चोर नसते म्हणाले. पण मी म्हणालो, बदलली नाही. तेवढंच म्हणालो. आणि मग एवढं पुढे गेलं की नंतर कुणाला सांगणार? तुझ्या काकूलाही माहीत नाही."

"पण तुम्ही त्यांना म्हणालात, मला विचारलं नाहीस म्हणून."

"म्हणालो. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असं तीस वर्षं स्वतःला सांगत आलो. सांगितलं असतं की नाही, कोण जाणे." तो पुन्हा रिकाम्या खुर्चीकडे वळला. "आंधळा माणूस तीन तास बसने आला गं. माझ्यासमोर उभा राहून चुकलो म्हणाला. आणि मी वाटाणे सोलत बसलो."

चिऊला राग आला होता. बाबांचे ते शेवटचे पाच महिने तिच्या डोळ्यांपुढे होते. भिंतीकडे तोंड करून पडलेले, फोन वाजला की मान वळवणारे. हे एक वाक्य त्यांना ऐकायला मिळालं असतं तर? ओझं अर्धं झालं असतं की नाही, सांगता येत नाही. पण एकट्याच्या खांद्यावर तरी राहिलं नसतं. आणि फोनवरचं ते वाक्य तिच्या स्वतःच्या तोंडचं होतं, हेही ती विसरली नव्हती. मग तिघांतल्या कुणावर रागवायचं?

"हे त्यांना सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाला.

तो रडला, बराच वेळ, आवाज न करता. चिऊ समोर बसून राहिली. मग तिने त्याला पाणी दिलं, घरात नेलं, बाबांची खोली दाखवली. काकूला सांगणार का, असं तिने विचारलं नाही.

गिटार गणिताच्या बाईंनी नेली आणि भिंतीवर लावली. चिऊने दुकानातली 'पारख करून मिळेल' ही पाटी उतरवली. आता ती फक्त दुरुस्ती करते. काका दर मंगळवारी येतो. गिटारला हात लावत नाही, पण जुन्या खुंट्या रॉकेलमध्ये धुऊन, घासून, तेल घालून देतो, एकेक फिरवून बघतो आणि कापडावर रांगेत मांडून ठेवतो. दोघं कामाव्यतिरिक्त फारसं बोलत नाहीत. पाचच्या बसने तो परत जातो.